हिरापूर फाट्याचं विमान

"विमान पुलाला धडकलं," बापूसाहेब पिंजरकर ठाण्याच्या पायऱ्या चढता चढताच म्हणाले. "झेंडीवाला पंखाखाली सापडला. वाचतो की नाही, सांगता येत नाही."

दर्यापूरचे ठाणेदार वामनराव टापरे अमरावतीची टेलिफोन लाइन लागते का ते पाहत होते. सकाळपासून ती लागत नव्हती. त्यांनी रिसीव्हर आपटला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वानऊ.

"केव्हा झालं?"

"साडेसातला."

"आणि मला आत्ता सांगता?"

"जखमींना पुलापाशी थांबवलेल्या एस.टी.त घालून लगेच दवाखान्यात पाठवलं. मी बसच्या मागोमागच निघालो होतो हो. पण इथं नाक्याच्या अलीकडे जीप बंद पडली. रेडिएटर तापला, झाकण काढायला गेलो तर हात भाजला." बापूसाहेबांनी रुमाल गुंडाळलेला उजवा हात वर केला.

वामनरावांनी टोपी उचलली. त्यांना ही विमानाची भानगड पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती.

त्या साली, म्हणजे त्रेसष्टच्या ऑगस्टात, कपाशीवर अळी पडली होती. विमानानं औषध फवारून पाहायचं ठरलं आणि त्या कामावर बापूसाहेब अधिकारी म्हणून आले. आता पावसाळ्यात वऱ्हाडच्या काळ्या मातीत बैलगाडी आसापर्यंत रुतते, तिथं विमान उतरवणार कुठं? शेवटी दर्यापूर-अंजनगाव रस्ता निवडला. हिरापूर फाट्यापाशी तो मैलभर सुतासारखा सरळ होता आणि नुकताच डांबरी झाला होता. सकाळी सात ते नऊ रस्ता बंद ठेवायचा, दोन्ही टोकांना एकेक शिपाई उभा करायचा, असा वरून हुकूम आला. विमान अकोल्याहून यायचं, रस्त्यावर उतरायचं, चाकांवर गुरगुरत औषधाच्या पिपांपाशी जायचं आणि टाकी भरली की त्याच रस्त्यावरून उडायचं. पहिले चार दिवस पंचक्रोशी पाहायला लोटली. पाचव्या दिवशी लोकांना कंटाळा आला. बैलांनी तर दुसऱ्याच दिवशी बुजणं सोडलं होतं.

आज नववा दिवस होता.

दोघं जीपमध्ये बसले. कापडी टपातून पाणी ठिबकत होतं आणि सीट भिजून गच्च झाली होती. वामनरावांची इस्त्रीची खाकी पँट पाच मिनिटांत ओली झाली. त्यांच्या कपाळावरची शीर तटतटली. पाच-सहा मैलांनंतर रस्ताही ओला दिसू लागला. हिरापूरकडे चांगलीच सर येऊन गेली होती.

फाट्याच्या अलीकडचा पूल म्हणजे नाल्यावरची साधी मोरी, दोन्ही बाजूंना कंबरेएवढा कठडा. पिवळं विमान त्या कठड्यात नाक खुपसून तिरपं पडलं होतं. एक चाक नाल्यात लोंबत होतं. शेजारी औषधाची पिपं सांडली होती आणि त्या वासानं डोळे चुरचुरत होते.

"इथं पिपांपाशी झेंडीवाला श्रावण विमानाला खूण करायला उभा होता," बापूसाहेब म्हणाले. "आता जरा माझ्याबरोबर या. सगळं तुमच्या डोळ्यांनी पाहा, म्हणजे अहवालाला वेळ लागणार नाही. चार वाजेपर्यंत तो वर जायला हवा."

"ते माझं मी बघीन."

ते पुलापासून अंजनगावच्या दिशेनं चालत निघाले. साडेचारशे यार्डांवर डांबरावर चाकांच्या काळ्या रेघा सुरू झालेल्या दिसल्या. "विमान इथं टेकलं," बापूसाहेब म्हणाले. रेघा वाकून पाहताना वामनरावांचा पाय घसरला आणि कडेच्या चरात घोट्यापर्यंत गेला. चरातलं पाणी गढूळ, पांढुरकं होतं. बूट आत-बाहेर भिजला. त्यांनी मनातल्या मनात एक शिवी हासडली.

आणखी अडीचशे यार्ड पुढे रस्त्यावर आडवा, हातभर रुंद चुन्याचा पट्टा होता. पांढराशुभ्र, आखलेल्या कडांचा. कडेला खुणेचा लाकडी खुंटा ठोकलेला होता.

"हा पट्टा. रोज पहाटे रस्त्याचा मुकादम मारतो, कारण दिवसभराच्या गाड्यांनी पुसला जातो. इथून पुलापर्यंत सातशे यार्ड. विमान थांबायला पाचशे लागतात. म्हणजे पट्ट्यावर उतरलं तर दोनशे यार्ड हातात राहतात. आज पायलट अडीचशे यार्ड पुढे उतरला. झोपेत होता का कशात, देव जाणे."

हिशेब सरळ होता. वामनरावांना सरळ हिशेबाचाच राग येई, कारण त्यात ठाणेदाराला करण्यासारखं काही उरत नसे.

मुकादम डोमाजी खुंट्यापाशी उकिडवा बसला होता. साठीचा, वाळकुडा माणूस. ठाणेदारांना पाहून उभा राहिला.

"पट्टा कोणी मारला?"

"म्या मारला जी."

"किती वाजता?"

"उजाडता उजाडता."

"रोज मारतोस तसाच?"

"साहेब सांगतील तसा मारतो जी."

"मोजून मारलास ना?"

"मोजूनच. जिथं सांगतलं तिथं."

"विमान उतरलं तेव्हा तू कुठं होतास?"

"बाभळीखाली. आवाज आला अन् पुलाकडे पयालो. श्रावणले अन् पायलट साहेबाले उचलून एस.टी.त घातलं. मंग साहेबानं मले तिकडच्या शिपायाकडं धाडलं, रस्ता बंदच ठेव म्हनून सांगाले. एस.टी. गेली अन् दहा मिनटांत पानी आलं, धो धो. मी भिजतच गेलो, अर्धा मैल."

"आणखी काही सांगायचंय?"

डोमाजीनं बापूसाहेबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "आमी काय सांगाव जी."

वामनरावांनी दात आवळले. पंधरा वर्षांच्या नोकरीत हे वाक्य त्यांनी हजार वेळा ऐकलं होतं.

पट्ट्याच्या मागे, अंजनगावच्या बाजूला, खुशालराव बोचऱ्यांचा पानमळा होता. खुशालराव स्वतःच कुंपणाशी आले. हातात विड्याच्या पानांची चळत.

"हे पाहा ठानेदार साहेब," त्यांनी पान नाकाशी धरलं. "वास घ्या. इमान उतरताना माह्या मळ्यावरून जाते, हात वर केला तर लागन इतकं खाली. अन् त्याच्या नळ्या गळतात. अंजनगावचा एक व्यापारी पान घेऊन नाई राहिला. तीन अर्ज देल्ले म्या. एकाचंबी उत्तर नाई."

"म्हणून तुम्ही काही केलंत का?"

"मी काय करीन? रविवारी नागपूरचे मोठे साहेब इमान पाहाले येनार होते. त्या दिवशी बायकोपोरांसकट रस्त्यावर आडवा पडीन, एवढं सांगतलं होतं. लपवून काहून ठेवू?"

"आज विमान येताना पाहिलंत?"

"पाहिलं. आज पह्यल्यांदाच वरून गेलं. चांगलं उंचावरून." ते थबकले. मग चळत उगाच सारखी करू लागले.

"बघा," बापूसाहेब पटकन म्हणाले. "उंचावरून आला, म्हणूनच पुढे जाऊन टेकला. साक्षच मिळाली तुम्हाला."

तीही साक्ष पायलटच्या विरुद्ध गेली. वामनरावांनी वही मिटली. त्यांचा ओला बूट चालताना चुबुक चुबुक वाजत होता. जवळपासचे पाच-सहा शेतकरी गोळा झाले होते आणि प्रत्येक जण एकच विचारत होता, विमान उद्या येणार का? अळी काही चौकशी संपायची वाट पाहणार नव्हती.

दवाखान्यात पायलट रविकांत गोखले खांद्याला पट्ट्या बांधून पडला होता. अठ्ठावीस-तीसचा तरुण. खोलीत घामट उकाडा होता. कंपाउंडर पुठ्ठ्यानं वारा घेत कुरकुरत होता, "तीन दिवस झाले, दर्यापुरात थेंब नाही. आभाळ नुसतं भरून येतं."

"श्रावण कसा आहे?" रविकांतनं आधी विचारलं.

"डॉक्टर पाय कापायचं म्हणताहेत."

रविकांतनं डोळे मिटले.

"पट्टा ओलांडून किती पुढे उतरलात?"

"पट्ट्यावर उतरलो. फार तर दहा पावलं पुढे."

"मी मोजून आलोय. अडीचशे यार्ड."

"शक्य नाही."

"चाकांच्या रेघा आहेत डांबरावर."

"असतील. मी पट्ट्यावर उतरलो."

"रस्ता कमी पडतोय हे वरून दिसलं नाही?"

"ढग खाली होते. दोन्ही बाजूंना हिरवीगार कपाशी, मध्ये काळी रेघ. सगळं सारखंच दिसतं. पट्टा एवढीच खूण. पट्टा दिसला की मी उतरतो. आठ दिवस तेच केलं."

"रात्री काही घेतलं होतंत?"

"नाही."

"झोप?"

"झाली होती." त्याचा आवाज चढला, आणि खांद्यात कळ आली तसा तो पुन्हा खाली गेला. "तुम्ही लिहायचं ते लिहा. माझं लायसन जाईल. पण मी पट्ट्यावर उतरलो."

बाहेर बाकावर शिपाई भगवंत बसला होता. पुलाच्या बाजूला पहाऱ्यावर होता तो. श्रावणची जखम दाबून धरत तोच बसमधून आला होता. गणवेशभर रक्त.

"मला निरोप द्यायला काय झालं होतं?" वामनराव त्याच्यावर उखडले.

"साहेब म्हणाले, मी मागून जीपनं येऊनच राहिलो, ठाण्यात मी सांगतो. अन् हात सोडला असता तर श्रावण गेला असता जी."

वामनराव ठाण्यात परतले.

दीड वाजला. त्यांनी ओले बूट काढून खिडकीत ठेवले आणि अहवाल लिहायला घेतला. 'पायलटच्या निष्काळजीपणामुळे' एवढं लिहून झालं आणि टाक अडला. कागद चुरगाळला. दुसरा घेतला. तोही चुरगाळला. माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला काहीतरी सोयीचं सांगायचं असतं. चाक घसरलं, ब्रेक लागला नाही, वारा आला. या पायलटला एकही सबब सुचू नये? मोजमाप तोंडावर फेकलं तरी तो तेच ते धरून बसला होता. अडीच वाजता अमरावतीची लाइन लागली, कोणीतरी "अहवाल कुठाय?" एवढंच ओरडलं आणि लाइन पुन्हा गेली.

वामनराव वैतागून उठले. बूट घालायला गेले आणि तसेच उभे राहिले.

डावा बूट तपकिरी होता. उजवा, जो चरात गेला होता, तो वाळून पांढरा पडला होता. त्यांनी नखानं खरवडलं. नखाखाली पांढरी पूड आली. चिमूटभर जिभेच्या टोकावर ठेवली आणि लगेच थुंकली.

चुना.

ते बूट हातात घेऊनच खुर्चीत बसले. मग भगवंतला हाक मारून म्हणाले, "डोमाजीला आण. खुशालरावांना आण. बापूसाहेबांना म्हणावं, अहवाल तयार आहे, विश्रामगृहावर या."

चार वाजता सगळे विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसले. खानसाम्यानं चहा आणला. बापूसाहेबांनी कप डाव्या हातानं उचलला. रुमाल आता सुटला होता. वामनरावांनी त्यांच्या उजव्या बोटांकडे नीट पाहिलं.

"डोमाजी," ते म्हणाले, "सकाळी मी तुला चुकीचा प्रश्न विचारला. आता बरोबर विचारतो. आज उजाडता पट्टा कुठं मारलास? खुंट्यापाशी?"

डोमाजीनं हात जोडले. मग म्हणाला, "नाई जी. खुंट्यापासून अडीचशे यार्ड पुढं, पुलाच्या अंगाले."

बापूसाहेबांचा कप बशीवर वाजला. "म्हातारा काहीही बरळतोय."

"बरळू द्या. तो बोलला नसता तरी मला कळलं होतं. बसची वेळ मी भगवंतकडून घेतली. ती पावणेआठला निघाली. त्यानंतर दहा मिनिटांत हिरापूरला जोरदार सर आली. आता चुन्याच्या फक्कीवर धो धो पाऊस पडला तर काय होईल? ती ओघळेल, वाहून जाईल. पण मी दहा वाजता पाहिलेला पट्टा नव्या धोतरासारखा होता. कडासुद्धा फिसकटल्या नव्हत्या. म्हणजे तो पाऊस थांबल्यावर मारलेला होता. विमान कधीच पडलं होतं, रस्ता बंद होता, मग तेव्हा पट्टा कोणाला हवा होता?"

वामनरावांनी चहाचा एक घोट घेतला.

"आणि पहाटेचा पट्टा कुठं गेला? तो वाहून चरात गेला. विमानाची चाकं जिथं टेकली, त्याच्याच शेजारच्या चरात. माझा बूट पाहा. पायलट दहा पावलं पुढे म्हणाला, दहाच पावलं असतील. तो पट्ट्यावरच उतरला. पट्टाच चुकीच्या जागी होता."

"मग या मळेवाल्यानं हलवला असेल," बापूसाहेब म्हणाले. "त्यानं धमकी दिली होती."

"हलवल्याचा फायदा त्यांना होताच. पट्टा पुढे गेला की विमान मळ्यावरून उंच जाणार. आज तसं गेलं, आणि ते सकाळी हे बोलून थबकले. काय खुशालराव, तुम्ही हलवलात?"

खुशालरावांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "म्या हात नाई लावला. साहेबच काल मळ्यात येऊन गेले. म्हणे, रस्त्यावर पडू नका, उद्यापासून इमान वरून जाईन, मी पाहून घेतो. मले काय माहीत असं होईन? श्रावण माह्या शेजारचा आहे हो."

"इकडे येताना मी दवाखान्यात जाऊन आलो," वामनराव म्हणाले. "पायलटलाही बरोबर प्रश्न विचारला. पट्टा पुढे घेता येईल का, असं कधी कोणी विचारलं होतं? तो म्हणाला, परवाच बापूसाहेबांनी विचारलं. मी साफ नाही म्हटलं, ओल्या रस्त्यावर एक फूटही सोडणार नाही. तरी तुम्ही पट्टा सरकवलात, बापूसाहेब. त्याला न सांगता. रविवारी मोठ्या साहेबांसमोर तमाशा नको म्हणून."

"हा सगळा तर्क आहे. मी बसच्या मागोमाग निघालो होतो. पाऊस यायच्या आधी."

"तुमची जीप नाही निघाली. तिचा टप ठिबकत होता. सीटनं माझी पँट भिजवली, ती अजून ओली आहे. पाऊस यायच्या आधी तुम्ही हिरापूर सोडलंत म्हणता, आणि जीप बंद पडली ती दर्यापूरच्या नाक्याशी. दर्यापुरात तीन दिवस थेंब नाही. मग जीप कुठं भिजली? पावसात तुम्ही तिथंच होतात. बस गेली, तिच्याबरोबर भगवंत गेला. डोमाजीला तुम्ही अर्धा मैल लांब धाडलंत. रस्त्यावर तुम्ही एकटे उरलात. पावसानं पहाटेचा पट्टा आपोआप धुतला. चुन्याचं पोतं कुठं असतं, डोमाजी?"

"साहेबाच्या जीपमंदी जी. भिजू नये म्हनून."

"खुंटा दाखवायला होताच. ओल्या हातानं तुम्ही फक्की मारलीत. रेडिएटरच्या वाफेनं तळहाताला फोड येतात. तुमचा तळहात धड आहे. बोटांची टोकं आणि नखांच्या कडा सोलल्यात. ओल्या चुन्यात हात घातला की असंच होतं."

बापूसाहेबांनी हात मांडीखाली घेतला.

"साडेचारशे पुरतील असं वाटलं मला," ते म्हणाले. "पायलट लोक नेहमी वाढवून सांगतात. तीन दिवसांचाच प्रश्न होता."

"त्याला सांगायचं तरी होतं."

"सांगितलं असतं तर तो उतरलाच नसता."

वामनराव उठले. पट्टा हलवणं त्यांनी एक वेळ मूर्खपणात घातलं असतं. पण एक माणूस बसमध्ये रक्त सांडत असताना हा माणूस पावसात बसून दुसऱ्याच्या माथी गुन्हा मारायची वाट पाहत होता. त्यांनी भगवंतला खूण केली. भगवंत बापूसाहेबांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

"आणि तू रे?" ते डोमाजीकडे वळले. दिवसभराचा संताप त्यांच्या आवाजात होता. "परत येताना पट्टा दुसरीकडेच दिसला तुला. सकाळीच काहून नाही बोललास?"

"तुमी इचारलं पट्टा कोनं मारला. म्या सांगतलं, म्या मारला. कुठं मारला हे कोनीच इचारलं नाई. अन् साहेब बाजूलेच उभे होते जी. मोठ्याईच्या मधात आमी काहून पडाव?"

आपण सकाळपासून नुसतेच चिडत होतो, हे वामनरावांना कळलं.

अहवाल सहा वाजता गेला. अमरावतीहून पहिला प्रश्न आला तो असा, की अधिकाऱ्याचं नाव घालायलाच हवं का? वामनरावांनी "हवं" म्हटलं आणि लाइन जायच्या आधी स्वतःच फोन ठेवला. फवारणी बंद पडली ती त्या हंगामात पुन्हा सुरू झाली नाही. हिरापूरच्या शेतकऱ्यांनी पाठीवर पंप बांधून जमेल तेवढी कपाशी वाचवली.

संध्याकाळी ते दवाखान्यात गेले. रविकांतला म्हणाले, "तुम्ही पट्ट्यावर उतरला होतात." धड असलेल्या हातानं रविकांतनं तोंड झाकून घेतलं.

शेजारच्या खोलीच्या दारात श्रावणची बायको जयवंता भिंतीला टेकून बसली होती. आत श्रावण झोपला होता. पांघरूण एका बाजूला गुडघ्याखाली सपाट पडलं होतं.

ती उठून उभी राहिली. "साहेब, शुद्धीवर आले का एकच इचारतात, म्या झेंडी चुकीची दाखवली का म्हनून. काय सांगू?"

"झेंडी बरोबर होती."

"मी सांगतलं तं त्याहिले पटत नाई."

वामनरावांनी टोपी काढली. मग आत जाऊन स्टूल ओढलं आणि श्रावण जागा व्हायची वाट पाहत ते त्याच्या उशाशी बसून राहिले.